तौकेचं पाणी

२ मार्च

तौके चावला! उजव्या हाताच्या मधल्या बोटाला. माशाच्या टाकीच्या तळाशी कुजत पडलेले दाणे काढायला हात घातला, एवढाच माझा अपराध. रक्त थोडंच आलं. पण नंतर तो काचेशी येऊन असा टक लावून बघत राहिला की, चावा मीच घेतला असं कुणालाही वाटावं.

आ-को त्याच्या डोक्यावरचं ते टेंगूळ बोटानं चोळायचा आणि हा पठ्ठ्या लाडावलेल्या मांजरासारखा स्थिर व्हायचा. माझ्याशी त्याचं तसलं काही नातं नाही. मी पाणी बदलणारी बाई.

बोटाला हळद लावली. उद्यापासून लांब चिमटा वापरायचा.

४ मार्च

लिहून ठेवावं, नाहीतर नंतर प्रत्येकजण आपापलं सांगेल.

आ-को — माझा थोरला भाऊ वेंग-काय — त्याला झटका आला तो चिनी नववर्षाच्या आधी. आता इस्पितळातून घरी आणलाय. उजवी बाजू गेली, जीभ गेली. ऐकू येतं, कळतं, असं डॉक्टर म्हणतात. मलाही तसंच वाटतं. नजर आहे त्याला.

त्याची बायको कम-फा, म्हणजे माझी आ-सो, तिनं गेल्या आठवड्यात फोन केला. आधी नेहमीसारखं ‘जेवलीस का?’ आणि मग त्याच दमात, ‘तुझ्या भावाचा तो राक्षस उचलून ने, नाहीतर मी कढईत टाकते.’ माझ्या घरी एवढी टाकी ठेवायला जागा कुठे, म्हटलं. तर म्हणाली, ‘मग कढई आहेच.’

बाजारातल्या मासेवाल्या मुनियांडीनं चार माणसं आणून टाकी हलवली. दिवाणखान्यात टीव्ही होता तिथं आता तौके, नावाप्रमाणे शेठ, बसलाय. टीव्ही झोपायच्या खोलीत गेला. मुनियांडी जाताना म्हणाला, ‘अक्का, मासा म्हणून आणलात, पण हा घरजावई आहे. टाकी मोठी लागणार, एकटाच राहणार, कुणाशी पटणार नाही, आणि वर चावणार.’

मी हे ओझं घेतलं कारण शब्द दिला होता. मागच्या वर्षी आ-को सहज म्हणाला, ‘मला काही झालं तर तौके तुझ्याकडे. हिच्याकडे नको. ही पुण्य मिळावं म्हणून त्याला तळ्यात सोडून येईल.’ मी हसले. तो हसला नाही. म्हणाला, ‘याला गाव नाही, आ-मुई. हा फ्लॉवरहॉर्न. माणसांनी टाकीत जाती मिसळून घडवलेला. जगातल्या कुठल्याच नदीत याचे आजे-पणजे नाहीत. सोडलास तर तिथलं सगळं खाऊन संपवेल.’

आ-मुई, धाकटी. मला या नावानं हाक मारणारा आता तो एकटाच. म्हणजे मारायचा.

७ मार्च

टेंगूळ जरा उतरल्यासारखं वाटतं. दाणे अर्धे टाकून दिले.

९ मार्च

पाणी बदललं. सगळं एकदम नाही — तिसरा हिस्सा. अंगणात निळा पिंप आहे, त्यात नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवायचं. क्लोरीन उडून जातो. मग तेच पाणी टाकीत.

गंमत आहे. आयुष्यभर पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत बसून या गावाच्या नळात क्लोरीन पुरेसा आहे ना, हे मी बघितलं. आता निवृत्त होऊन तोच क्लोरीन उडून जायची वाट बघत अंगणात बसते.

टाकीवर जाळीचं झाकण आणि झाकणावर वीट. आ-कोची वीट. हा उडी मारतो.

१४ मार्च

शेजारच्या ओंगबाई भिंग घेऊन आल्या. तौकेच्या अंगावर काळे ठिपके आहेत, त्यांत लॉटरीचा आकडा दिसतो म्हणे. सबंध सकाळ काचेला नाक लावून बसल्या. मला तिथं चिरडलेल्या डासांपलीकडे काही दिसत नाही, पण त्यांनी चार आकडे काढले. जाताना पपनस देऊन गेल्या.

१७ मार्च

आकडा आला नाही. ओंगबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, ‘तुमचा मासा खोटारडा आहे.’ पपनस मात्र गोड होतं.

१८ मार्च, रविवार

आ-कोकडे गेले. आ-सो त्याला तांदळाची पेज भरवत होती. डावा हात चालतो आता. चमचा धरता येत नाही, पण खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटानं वाजवतो — टक-टक. थांबतो. परत टक-टक.

मी त्याला तौकेची खबर सांगितली. काय खाल्लं, किती खाल्लं, मला चावला. चावला म्हटल्यावर त्याच्या तोंडाची डावी बाजू हलली. हसला असावा.

आ-सो म्हणाली, ‘दिवसभर हे वाजवणं चालू. तहान लागली असेल म्हणून पाणी देते, तर तोंड फिरवतो. काय हवंय ते त्यालाच ठाऊक.’

मला ठाऊक होतं. टायरचं दुकान बंद करून घरी आला की तो काचेवर असंच दोनदा वाजवायचा आणि तौके धावत यायचा. नवरा दिवसभर बोलावतोय ते माशाला, हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगणार?

२५ मार्च

मुनियांडीच्या दुकानात दाणे आणायला गेले. कंपार गावचा एक गृहस्थ मादी घेऊन फिरतोय, तौकेशी जोडी लावायची म्हणतो, पिल्लं अर्धी-अर्धी. मी नको म्हटलं. शेकड्यांनी पिल्लं होतात. त्यांतली चार देखणी निघतात, ती विकली जातात. उरलेली वाकडी-तिकडी कुणाच्या गळ्यात बांधायची? ती शेवटी गटारात नाहीतर जुन्या खाणीत पाणी साचून झालेल्या तळ्यात जातात.

मुनियांडी म्हणाला, ‘तुम्ही फार विचार करता अक्का. त्याला विचारलंत का?’

१ एप्रिल

आज तौकेला आरसा दाखवला. आ-को थोडा वेळ दाखवायचा, मर्दानीपणा टिकतो म्हणून. स्वतःवरच धावून गेला. गाल फुगवले, परांचा पिसारा केला, दोन धडका दिल्या. आरसा काढल्यावर ‘मी हरवलं त्याला’ अशा ऐटीत फिरत होता. आमच्या खात्यात असे दोन साहेब होते.

५ एप्रिल

पितरांचा दिवस. आ-सो आणि मी आई-बाबांच्या थडग्याशी गेलो. गवत काढलं, दगड धुतला, भाजलेलं डुकराचं मांस मांडलं. दरवर्षी हे आ-को करायचा, आम्ही दोघी नुसत्या छत्री धरायचो.

उदबत्त्या लावून झाल्यावर तिनं विषय काढला. आई-बाबांसमोर. मला नाही म्हणता येऊ नये म्हणून जागा बरोबर निवडली होती.

गुहेतल्या देवळात एका बाईच्या अंगात येतं, तिच्याकडे ही गेली होती. बाईनं म्हणे आपणहून विचारलं, घरात कुणाला काचेत कोंडलंय का?

‘मी तर काहीच सांगितलं नव्हतं, सूक-यिन.’

आ-कोच्या माशाची गोष्ट गावात प्रत्येक कॉफीच्या दुकानात माहीत आहे. ती कळायला अंगात यावं लागत नाही. हे मी म्हटलं नाही.

‘तो काचेत तोंड उघडतो, मिटतो, आवाज नाही,’ ती म्हणाली. ‘तुझा भाऊ खाटेवर तोंड उघडतो, मिटतो, आवाज नाही. तो अडकलाय म्हणून याची जीभ अडकलीय. बुद्धपौर्णिमेला सोड त्याला. आम्ही देवळातले सगळे खाणीच्या तळ्यावर पुण्य म्हणून मासे-कासवं सोडायला जाणार आहोत.’

मी तिला शांतपणे सांगितलं. हा मासा तळ्याचा नाही. संकरित आहे. तिथं एक तर उपाशी मरेल, नाहीतर तिथल्या मरळ, चपट्या, बारक्या माशांची अंडीसुद्धा ठेवणार नाही. एक जीव सोडून शेकडो मारायचे, ते कुणाच्या नावावर?

‘तळं केवढं मोठं आहे.’

‘त्याची भूकही मोठी आहे.’

ती थडग्याकडे वळली. ‘बघा, सासूबाई. तुमच्या मुलीला पाणी कळतं, माणूस कळत नाही.’

आईसमोर भांडायचं नाही. दोघी संत्री सोलत राहिलो. घरी येताना तिनं खाली बघत विचारलं, ‘रात्री जेवायला आहे का काही तुझ्याकडे?’ आणि मांसाचा मोठा वाटा माझ्या डब्यात भरला.

८ एप्रिल

तिला वाईट का वाटतं ते मला कळतं. तिच्या हातात करण्यासारखं दुसरं काही नाही. मालिश, पेज, कूस बदलणं — त्यानं जीभ सुटत नाही. मासा सोडणं तरी जमण्यासारखं आहे.

तरी नाही.

१२ एप्रिल

मधला मार्ग सुचवला. तुझ्या आवडीचा दुसरा कुठला प्राणी सोड, म्हटलं. किंवा वृद्धाश्रमाला एक दिवसाचं शाकाहारी जेवण. फोनवर म्हणाली, ‘आजारी एक आणि औषध दुसऱ्याला?’

पालथ्या घड्यावर पाणी. ती माझ्याबद्दल हेच म्हणत असणार.

१९ एप्रिल

बाजारातून आले तर आ-सो घरात! ओंगबाईंनी किल्ली दिली. आधी टाकीकडे बघितलं — तौके होता. बादली-बिदली काही नव्हती. ती स्टुलावर बसली होती, पर्स मांडीवर, एखाद्या कचेरीत नंबर लागायची वाट बघत बसावं तशी.

‘जेवलीस का?’ तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

मग माशाकडे बघत म्हणाली, ‘माझ्या घरात नऊ वर्षं होता. माझ्याकडे बघतसुद्धा नाही.’

मी चहा ठेवला. ती बोलत राहिली, मला उद्देशून असं नाही. दुकान बंद करून घरी आला की आधी याच्याशी गप्पा. टायरच्या सौद्यात कुणी फसवलं, कोण हलकट गिऱ्हाईक आलं होतं, सगळं याला. मग तिच्याशी. कधी कधी दमलोय म्हणायचा आणि तिच्याशी नाहीच. ‘आता तो कुणाशीच बोलत नाही, तर बरोबरी झाली,’ ती म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

मी चहात साखर जास्त घातली. ती सगळा प्याली.

२८ एप्रिल

टेंगूळ परत भरलंय. रंगही चढलाय, पोटाखाली जास्वंदीसारखा लाल. आज दाणे टाकताना बोट पाण्याला लागलं. तौके आला, टेंगुळानं बोटाला धक्का दिला आणि गेला. चावला नाही! घरात कुणी नव्हतं, ओंगबाईंना हाक मारणार होते. मग म्हटलं, जाऊ दे.

३ मे

आ-कोला ताप.

६ मे

छातीत कफ झाला. परत इस्पितळ. दोन दिवस तिथंच आहे, फक्त आंघोळीला घरी येते. तौकेला दाणे टाकते आणि पळते.

डॉक्टरनं मला एकटीला बाहेर बोलावलं. मी सरकारी प्रयोगशाळेत होते, हे त्याला आधीपासून माहीत. म्हणाला, तुम्हाला स्पष्ट सांगतो, फुप्फुसं साथ देत नाहीत, तयारी ठेवा. मी आभार मानले. आभार कशाचे मानले कुणास ठाऊक.

आत गेले तर आ-सो त्याचे पाय चोळत होती. ‘काय म्हणाला?’ मी म्हटलं, औषध बदलतायत.

उद्या सांगेन.

७ मे

सांगितलं नाही.

८ मे, बुद्धपौर्णिमा

आज काय केलं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी इस्पितळातून घरी आले. आ-सो पहाटेच देवळात गेली होती, तिथून सगळ्यांबरोबर तळ्यावर जाणार होती. मी तौकेला दाणे टाकले. तो वर आला, खाल्ले, आणि तोंड उघडत-मिटत माझ्याकडे बघत राहिला. मी खुर्चीत बसले. मग उठले आणि जाळीवरची वीट खाली ठेवली.

मी विचार केला नाही. पहिल्यांदा कशाचाच विचार केला नाही. आ-को जाणार. आणि तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. उद्या तो नसेल, आणि ती जन्मभर म्हणेल की एक मासा सोडला असता तर... आणि मी जन्मभर काय म्हणणार? मला तेव्हा तळं, मरळ, अंडी काही आठवलं नाही. आठवलं असतं तरी गेले असते. खरं सांगायचं तर मलाही वाटलं — सुटली तर सुटली जीभ. वाटलं मला.

झाकणाची मोठी बादली घेतली. पिंप कोरडा होता, दोन दिवस भरलाच नव्हता. बादली नळाखाली धरली, भरली. तौकेला जाळ्यात घेताना त्यानं सगळा दिवाणखाना भिजवला. बादली पुढच्या सीटच्या पायाशी घट्ट बसवली आणि निघाले. मिरवणुकीमुळे रस्ते बंद, ऊन असं की स्टिअरिंगला हात लावता येईना. फिरून-फिरून जावं लागलं. बादलीतून धडका ऐकू येत होत्या, नंतर कमी झाल्या.

तळ्यावर जत्रा होती. कुणी कासवं आणली होती, कुणी पिंजऱ्यातल्या चिमण्या. मुनियांडी पिशव्यांत मासे घालून विकत होता आणि पलीकडच्या काठाला त्याचा मेव्हणा जाळं घेऊन तेच मासे परत पकडत होता. मला बादलीसह बघून मुनियांडीनं हातातली पिशवी खाली ठेवली.

‘अक्का, तुम्हीसुद्धा?’

मी पुढे गेले. आ-सो काठावर उदबत्ती धरून उभी होती. मी बादली तिच्या पायाशी ठेवली, झाकण काढलं आणि म्हटलं, ‘घे. सोड.’

तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तिनं आधी बादलीत बघितलं, मग माझ्याकडे. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरत गेलं.

‘डॉक्टर काय म्हणाला?’

‘काही नाही.’

‘तुला खोटं बोलता येत नाही, आ-मुई.’

तिच्या तोंडून हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

‘तू नाही-नाही म्हणत होतीस तोवर मला धीर होता,’ ती म्हणाली. ‘रोज तुला शिव्या देत होते, पण मनात म्हणायचे, ही शिकलेली बाई, ही देव मानत नाही, नवस मानत नाही, हिला काहीतरी नक्की माहीत असणार. ही अजून हट्टाला पेटलीय म्हणजे तो बरा होणार. आता तूच बादली घेऊन आलीस. मग उरलं काय?’

मी रडले. तिथंच, काठावर, कासवं सोडणाऱ्या लोकांमध्ये. आई गेली तेव्हा रडले नव्हते. आ-सो रडली नाही. तिनं उदबत्ती चिखलात खोचली, बादलीवर झाकण लावलं आणि दाबून बसवलं.

‘घरी ने याला. तो घरी आला आणि विचारलं तर काय दाखवणार?’

मुनियांडीकडून तिनं एका पिशवीतले बारके मासे घेतले, ते सोडले, आणि माझ्याबरोबर गाडीत बसली. बादली मांडीत घेतली. येताना मी तिला ते दांडीवरचं वाजवणं सांगून टाकलं. म्हटलं, तहान नाही आ-सो, तो तौकेला बोलावतो. तिला लागेल अशी भीती होती. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग तिनं बादलीच्या झाकणावर बोटानं दोनदा वाजवलं. आतून उत्तर आलं नाही.

‘गाढव,’ ती म्हणाली. कुणाला ते कळलं नाही.

तौकेला टाकीत सोडलं. आ-सो इस्पितळात गेली. मी हे लिहून तिकडेच निघतेय.

९ मे

तौकेनं काही खाल्लं नाही. तळाशी बसून आहे. दमला असेल.

१० मे

खात नाही. कल्ले भराभर हलतायत, कडांना पांढुरके झालेत.

हे मी कुठं बघितलंय ते दुपारी आठवलं. खात्यात एकदा टाकीत क्लोरीन जास्त पडला होता, तेव्हा बगिच्यातल्या हौदातले मासे असेच झाले होते. त्याचा अहवाल मीच लिहिला होता.

बादली नळाची होती.

मी, नळाची बादली! आणि वर बंद झाकण, भर ऊन, एवढा वेळ. ओंगबाईंनी केलं असतं तर मी त्यांना कानाला खडा लावायला सांगितला असता.

११ मे

पिंप भरला, पाणी बदललं, हवेचा दुसरा पंप मुनियांडीकडून आणून लावला. पाण्यात थोडं मीठ. त्याला सगळं सांगितलं. त्यानं पंपाचे पैसे घेतले नाहीत, याचाच मला राग आला.

आ-को तसाच. आ-सोला पौर्णिमेलाच गाडीतून उतरताना डॉक्टरचं बोलणं सांगितलं होतं. ती इस्पितळातून हललेली नाही.

१३ मे

तौके गेला. सकाळी एका कुशीवर तरंगत होता. रंग सगळा उडाला होता, ते काळे ठिपके तेवढे राहिले.

मागच्या अंगणात लिंबाखाली पुरला, खोल. गटारात टाकणं सोपं होतं, पण आमचं गटार नदीला जातं. एवढा एक नियम तरी शेवटपर्यंत पाळावा. ओंगबाई भिंतीपलीकडून बघत होत्या. त्यांनी एक उदबत्ती दिली. लावली.

आ-सोला फोन केला. नळाच्या पाण्याचंही सांगितलं, लपवलं नाही.

ती म्हणाली, ‘जेवलीस का?’

मी नाही म्हटलं. ‘जेव,’ म्हणाली आणि फोन ठेवला.

१५ मे

आ-कोचा ताप उतरला. डॉक्टर म्हणाला, असं होतं कधी कधी. जणू तयारी ठेवा म्हणणारा दुसराच कुणी होता.

आ-सोच्या मनात काय आहे ते मला दिसतं. एक गेला, एक राहिला. मी तसलं मानत नाही. औषध लागू पडलं. इथं लिहून ठेवते — मानत नाही.

लिंबाखाली मात्र रोज संध्याकाळी जाते.

२१ मे

आ-कोला घरी आणलं. खूप बारीक झालाय. डावा हात दांडीवर. टक-टक. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच होती.

२७ मे

टाकी अजून भरलेली आहे. पंप चालू आहे. मुनियांडी विचारत होता, विकायची का. बघू, म्हटलं.

३ जून, रविवार

आ-को बोलला.

आ-सो त्याला पेज भरवत होती, मी उशी नीट करत होते. तोंड वाकडं करून, अडखळत, पण शब्द ओळखू आले. ‘तौके... जेवला?’ झटका आल्यापासून वाट बघितलेला पहिला शब्द, तोही हिच्यासाठी नाही. मी भिंतीकडे बघितलं. आ-सोचा चमचा थांबला नाही. ‘जेवला,’ ती म्हणाली. ‘पोटभर. आता माझ्याकडेही बघतो.’ आणि त्याच्याकडे न बघता तिनं खाटेच्या दांडीवर बोटानं दोनदा वाजवलं.